घरातली डिस्क बाहेरून पुसली गेली: माय बुक लाइव्हचं प्रकरण

जून २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या ग्राहकांच्या चर्चेत एक तक्रार आली. तक्रारदाराच्या घरी 'माय बुक लाइव्ह' नावाची, नेटवर्कला जोडलेली डिस्क होती आणि ती कित्येक वर्षं बिनबोभाट चालत होती. त्या दिवशी उघडली तर फोल्डर जागच्या जागी, आत मात्र ठणठणाट. २ टीबीची डिस्क जवळजवळ भरत आलेली होती, ती आता सगळी मोकळी दाखवत होती. सेटिंग्जच्या पानावर जाऊन बघावं तर नेहमीचा पासवर्ड चालेना, कंपनीने मुळात दिलेलाही चालेना.

एकट्याच्या बाबतीत झालं असतं तर डिस्क गेली असं म्हणून विषय संपला असता. पण त्याखाली दुसऱ्याने तेच लिहिलं, मग तिसऱ्याने. देश वेगळे, घरं वेगळी, वस्तू मात्र तीच. कंपनीने लगोलग सूचना काढली: माय बुक लाइव्ह आणि माय बुक लाइव्ह ड्युओ ही दोन्ही साधनं इंटरनेटपासून ताबडतोब तोडा.

घरातली गाणी, सिनेमे, फोटो एका ठिकाणी ठेवायचे आणि हव्या त्या खोलीत, हव्या त्या पडद्यावर बघायचे, ही सोय आता आपल्याकडेही पुष्कळ घरांत आहे. कुणी त्यासाठी तयार डबा विकत घेतो, कुणी जुन्या लॅपटॉपवर जमवतो. या सोयीत कुठे काय कच्चं असतं ते एका जागी बघायचं असेल तर याच्याइतकं स्वच्छ प्रकरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून जरा सविस्तर.

वस्तू काय होती

माय बुक लाइव्ह २०१० ते २०१२ या काळात बाजारात आली. जाड पुस्तक उभं ठेवावं तसा आकार, आत एक हार्ड डिस्क, १ ते ३ टीबी. ड्युओ हा थोरला भाऊ, त्यात दोन डिस्क. साध्या मॉडेलच्या मागे नेटवर्कची केबल आणि वीज, एवढ्यासाठीच जागा होती. यूएसबी नव्हतं. म्हणजे तिला आणखी एक डिस्क थेट जोडून महिन्याला प्रत काढावी, असं कुणाच्या मनात आलं तरी ते सरळ जमत नव्हतं, नेटवर्कवरूनच काढावी लागे. हा तपशील तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नसेल.

आत खरं तर एक छोटा कॉम्प्युटर होता: पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि डेबियन लिनक्सवर बेतलेली प्रणाली. राउटरला केबल लावली की घरातल्या विंडोज आणि मॅक दोघांनाही ती दिसायची. मॅकचा टाइम मशीन बॅकअप तिच्यावर जायचा, आयट्यून्सला तिच्यावरची गाणी दिसायची, आणि टीव्हीच्या मेन्यूत ती आपोआप हजर व्हायची, कारण आत डीएलएनए सर्व्हर होता. शिवाय फोनवर ॲप टाकलं की घराबाहेरूनही फाइली उघडता येत.

त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. फोटो कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह टीव्हीला, असा प्रवास चालायचा. तो या डब्याने संपवला. एकदा डब्यात टाका आणि विसरा. 'विसरा' हा भाग लोकांनी अगदी मनापासून पाळला.

२०१४ मध्ये कंपनीने ही वस्तू बंद केली. शेवटचं सॉफ्टवेअर अपडेट २०१५ चं. डिस्क मात्र चालूच राहिल्या, कारण त्या बिघडल्याच नव्हत्या. घरातली वस्तू चालतेय तोवर आपण ती काढत नाही. मिक्सर, पंखा, रेडिओ, सगळ्यांना हाच न्याय, आणि त्यात चुकीचं काही नाही. पण रेडिओला रस्त्यावरून कुणी हुकूम सोडू शकत नाही. नेटवर्कवरच्या डिस्कला सोडू शकतो, आणि तो हुकूम कुणाचा मानायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर २०१५ पासून निराधार होतं.

लॉगमधली ओळ

काही मालकांनी डब्याच्या आतली नोंदवही, म्हणजे लॉग फाइल, काढून बघितली. त्यात २३ जूनला दुपारी ३ वाजून १४ मिनिटांनी 'फॅक्टरी रिस्टोअर' नावाची स्क्रिप्ट सुरू झाल्याची ओळ होती आणि पाठोपाठ यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होत असल्याची. सरळ अर्थ असा की डिस्क बिघडली नव्हती, कुणी चुकून फाइली उडवल्या नव्हत्या. डब्याला 'कारखान्यातून आलास तसा हो' असा हुकूम मिळाला आणि त्याने तो इमानेइतबारे पाळला. घरातल्या कुणीही तो दिलेला नव्हता.

डब्याच्या दृष्टीने ही चूक नाहीच. डबा विकताना किंवा पासवर्ड विसरल्यावर वापरायची ती रीतसर सोय आहे. प्रश्न एवढाच की हुकूम देणाऱ्याला 'तू कोण?' असं विचारलं का गेलं नाही.

आधी कंपनीने बोट दाखवलं ते एका जुन्या त्रुटीकडे. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींची जगभर वापरली जाणारी 'सीव्हीई' नावाची यादी असते, तिच्यात सीव्हीई-२०१८-१८४७२ या क्रमांकाने ती नोंदलेली आहे. विझकेस या संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी २०१८ मध्ये ती शोधून काढली होती. डब्याची भाषा निवडण्याच्या पानाला जे काही पाठवाल ते नीट न तपासता पुढे जायचं, आणि त्यातून थेट सर्वाधिकार मिळवून बाहेरचा माणूस हवी ती आज्ञा चालवू शकत होता. भाषा निवडायच्या पानातून! कंपनीचं तेव्हाचं उत्तर असं होतं की ही साधनं आता आमच्या देखभालीत नाहीत, ज्यांना वापरत राहायचं असेल त्यांनी फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी वाहतूक अडवणारी व्यवस्था, लावून बाहेरचा प्रवेश बंद करावा.

हे उत्तर कायद्याच्या भाषेत बिनचूक असेल. पण फोटो ठेवायला डबा घेतलेल्या माणसापर्यंत ते पोहोचणार कसं? त्याला ना त्रुटीचा क्रमांक माहीत, ना फायरवॉल कुठे असते ते माहीत. डब्याचा पुढचा दिवा नेहमीसारखाच पेटत होता.

या त्रुटीने एक कोडं मात्र सुटत नव्हतं. सर्वाधिकार मिळवलेल्याला फॅक्टरी रिसेट करायची गरज काय?

दुसरं दार

दुसरं दार होतं. आर्स टेक्निका या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने आणि सेन्सिस या सुरक्षा कंपनीचे डेरेक अब्दिन यांनी ते जूनच्या शेवटी उजेडात आणलं. नोंद झाली सीव्हीई-२०२१-३५९४१ अशी. फॅक्टरी रिसेट करणाऱ्या पीएचपी फाइलमध्ये, मागणारा माणूस मालक आहे का हे तपासणाऱ्या पाच ओळी होत्या. त्या प्रत्येक ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. प्रोग्रॅमर मंडळींना याचा अर्थ सांगायला नको: ओळ फाइलीत दिसते, यंत्र ती वाचत नाही. म्हणजे कुलूप तयार होतं, लावायची जागा ठरलेली होती, आणि कुणीतरी ते हाताने काढून शेजारी ठेवलं होतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हा निव्वळ बेफिकीरपणा वाटला. कंपनीने २९ जूनला दिलेला खुलासा जास्त बोलका आहे. एप्रिल २०११ मध्ये या डब्याच्या प्रणालीत एक सुधारणा झाली. तोवर प्रत्येक फाइल आपापली तपासणी करत होती. नव्या रचनेत सगळी तपासणी एका मध्यवर्ती फाइलीत आणायची होती आणि कोणत्या पानासाठी कोणता अधिकार लागतो याची यादी तिथेच ठेवायची होती. उत्तम विचार. त्यानुसार रिसेटच्या फाइलीतली जुनी तपासणी बंद केली, तेही योग्यच. राहिलं ते एवढंच, की नव्या यादीत रिसेटच्या पानाची नोंद करायची राहून गेली.

हे आपल्या सोसायट्यांत सर्रास होतं. दोन्ही दारांचे रखवालदार काढून एकच मध्यवर्ती व्यवस्था आणली जाते, आणि मागच्या दाराचा कॅमेरा त्या व्यवस्थेला जोडायचा राहतो. कुणी आळशी नसतं. काम दोन टप्प्यांचं असतं आणि दुसरा टप्पा कुणाच्याच नावावर नसतो. हा घोळ २०११ मध्ये झाला, त्यानंतर चार वर्षं अपडेट येत राहिले, आणि कुणाच्याही डोळ्यांना तो दिसला नाही. दहा वर्षांनी तो वापरला गेला.

दोन त्रुटी दोन तऱ्हेने का वापरल्या गेल्या यावर अब्दिन यांनी एक तर्क मांडला. काही डब्यांत पहिल्या त्रुटीतून एक छुपा प्रोग्रॅम घुसवलेला सापडला होता, खास पॉवरपीसी प्रोसेसरसाठी बांधलेला. तो डब्याला बॉटनेटमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या यंत्रांच्या टोळीत ओढतो. घुसणाऱ्याने मागून दुसरा कुणी येऊ नये म्हणून त्या भाषेच्या पानाला स्वतःचा पासवर्डही घातला होता. चोराने घरमालकाच्या दाराला स्वतःचं कुलूप लावावं तसा प्रकार. तर्क असा की दुसऱ्या टोळीने, डबे हिसकावण्यासाठी किंवा निव्वळ खोडसाळपणाने, दुसऱ्या दारातून सगळे रिसेट करून टाकले. तर्क खरा धरला तर लोकांचे फोटो दोन अनोळखी टोळ्यांच्या भांडणात गेले. त्या फोटोंशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं.

टीव्हीला जी सापडते ती बाहेरच्यालाही

आता मुख्य मुद्दा. डबा राउटरच्या आत, घरात. मग बाहेरचा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचला कसा? कंपनीचे क्लाउड सर्व्हर फोडून कुणी आलं नव्हतं, हे तपासात स्पष्ट झालं. हल्लेखोर वेगवेगळ्या देशांतल्या पत्त्यांवरून थेट डब्याशी बोलले होते. म्हणजे ते डबे इंटरनेटवर उघडे होते. काही मालकांनी स्वतः राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं क्रमांक दिलेलं दार, उघडलं असेल. बाकीच्यांचं दार यूपीएनपीने आपोआप उघडलं.

यूपीएनपी हे घरगुती मीडियाच्या जगातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात भोळं तंत्र. ते काय करतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. टीव्ही सुरू केला की तो घरच्या नेटवर्कवर २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर एक हाक मारतो: 'मीडिया सर्व्हर कुणी आहे का?' डबा ओ देतो आणि आपली यादी पुढे करतो. संगीत, चित्रं, व्हिडिओ. डीएलएनए म्हणतात ते याच पायावर उभं आहे. २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी मिळून ते मानक सुरू केलं, ते यासाठीच, की एका कंपनीचा टीव्ही, दुसऱ्याचा डबा आणि तिसऱ्याचा फोन यांचं मालकाने काही न करता जमावं. आजीने रिमोट दाबावा आणि नातीच्या बारशाचे फोटो दिसावेत. पासवर्ड विचारला तर आजी अडणार, म्हणून पासवर्डच नाही. घरात आलेला प्रत्येक जण घरचाच, असं गृहीत धरलेलं.

त्याच यूपीएनपी कुटुंबात आणखी एक सोय आहे. घरातलं एखादं साधन राउटरला सांगू शकतं: 'बाहेरून अमुक पोर्टवर कुणी आलं तर माझ्याकडे पाठव.' राउटरमध्ये यूपीएनपी चालू असेल तर तो काही न विचारता ते करतो. इथेही पासवर्ड नाही, कारण मागणारा घरचा. माय बुक लाइव्हला फोनच्या ॲपसाठी बाहेरून रस्ता हवा होता, तिने तो मागितला, राउटरने दिला. मालकाला त्याचा पत्ताही नव्हता, आणि तशी जाहिरातच होती की काहीही सेटिंग करावं लागणार नाही.

सेन्सिसने पाहणी केली तेव्हा इंटरनेटवरून दिसणारे असे डबे ५० हजारांहून जास्त निघाले. ज्या घरात डबा होता पण बाहेरचा रस्ता उघडा नव्हता, तिथे त्याच दोन त्रुटी असूनही बाहेरून थेट काही होऊ शकलं नाही. हा फरक मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्रुटी सगळ्यांकडे सारख्याच होत्या. तडाखा दार उघडं असणाऱ्यांना बसला, आणि त्यातल्या काहींनी ते स्वतः उघडलेलं नव्हतं.

परत काय मिळालं

रिसेट झाल्याक्षणी डिस्कवरचं सगळं खरडून जात नाही. फाइलींची अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते, मूळ मजकूर पानांवर तसाच असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. म्हणून ज्यांनी डबा तत्काळ बंद केला त्यांना आशा होती. घाबरून पुन्हा पुन्हा सुरू करून बघणाऱ्यांनी, किंवा मॅकचा बॅकअप चालूच ठेवणाऱ्यांनी ती स्वतःच्या हाताने कमी केली.

डिस्क बाहेर काढून कॉम्प्युटरला जोडावी तर आणखी एक गंमत. हा डबा डिस्कवर ६४ केबीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या तुकड्यांत लिहायचा, त्याच्या प्रोसेसरला ते सोयीचं होतं. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स त्या काळी ४ केबीच्या पुढचा ब्लॉक सरळ उघडत नसे. म्हणजे धडधाकट डिस्कसुद्धा साध्या पद्धतीने वाचता येत नव्हती, पुसलेलीची तर बातच सोडा. तयार डबा घेताना आत फाइली कोणत्या पद्धतीने ठेवल्या जातात हे कुणी विचारत नाही. डबा मेला आणि डिस्क जिवंत राहिली तर ती दुसरीकडे वाचता येईल का, हा प्रश्न दुकानातच विचारायला हवा.

बऱ्याच जणांनी फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं. ते अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि जेपीईजी फोटोची सुरुवात ज्या ठरलेल्या खुणेने होते ती दिसली की तिथून पुढचा भाग उचलतं. त्यातून फोटो मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात. 'दिवाळी २००९', 'आईची साठी' अशा फोल्डरांच्या जागी इंग्रजी एफ आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावांच्या हजारो फाइली, त्यात वेबसाइटवरची फुटकळ चित्रं, गाण्यांच्या अल्बमची मुखपृष्ठं, एकाच फोटोच्या छोट्या-मोठ्या प्रती, सगळं एकत्र. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात तारीख लिहून ठेवलेली असते, तिचा आधार घेऊन निदान सालवार लावता येतात. मोठ्या व्हिडिओंचं नशीब वाईट. एक तासाची फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असेल तर असं सॉफ्टवेअर सुरुवातीचा तुकडा उचलतं आणि पुढे भरकटतं.

ड्युओवाल्यांपैकी ज्यांनी दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या ठेवल्या होत्या, त्यांची समजूत अशी होती की आपल्याकडे दोन प्रती आहेत. एक डिस्क यांत्रिक कारणाने मेली असती तर ती समजूत बरोबर ठरली असती. हुकूमच 'पुसा' असा आला तर आरसाही तेच करतो.

कंपनीने जुलैपासून ज्यांचा डेटा गेला त्यांच्यासाठी तो परत मिळवून देण्याची सेवा आणि जुना डबा देऊन 'माय क्लाउड' मालिकेतला नवा घेण्याची योजना जाहीर केली. इतक्या जुन्या, बंद केलेल्या वस्तूसाठी हे करणं कंपनीवर बंधनकारक नव्हतं, तेवढं श्रेय द्यायला हवं.

पण नव्या डब्याची कहाणीही ऐका. माय क्लाउडच्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रणालीची देखभाल एप्रिल २०२२ मध्ये संपली, आणि जी मॉडेल पाचव्या आवृत्तीवर जाऊ शकत नव्हती त्यांचा बाहेरून प्रवेश बंद झाला. मार्च २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्याच नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली. कंपनीने खबरदारी म्हणून आपल्या सेवा बंद केल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला सुमारे दहा दिवस माय क्लाउडच्या ग्राहकांना आपल्याच फाइलींपर्यंत जाता येईना. माय क्लाउड होमसारख्या डब्यात शिरायचं तर ओळख कंपनीच्या सर्व्हरकडून पटवून घ्यावी लागते. डबा समोर टेबलावर, दिवा लागलेला, डिस्क ठीक, आणि घरच्या वायफायवरूनही आत जाता येत नाही. काही दिवसांनी कंपनीने घरातल्या घरात वापरण्याची पर्यायी रीत दिली.

जुना डबा कुणाचंही ऐकत होता, नवा फक्त दूरच्या कुणाचं तरी. दोन्हींत मालकाचा शब्द शेवटचा नव्हता. सुरक्षेच्या दृष्टीने दुसरा प्रकार बराच बरा, हे मान्य. पण तो विकताना 'तुमचा स्वतःचा क्लाउड' असं म्हणू नये.

आपल्या घरात बघायचं तर

भारतातल्या अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांना वाटून देतात, सीजीनॅट म्हणतात ते हेच. त्यामुळे राउटरने पोर्ट उघडलं तरी बाहेरचा माणूस जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून तुमच्या डब्यापर्यंत येऊ शकत नाही. पुष्कळ मंडळी याच्यावर चिडतात, कारण घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही. या प्रकरणात मात्र ती अडचणच ढाल ठरली असती. पण तिच्यावर विसंबू नका. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत घरातल्या प्रत्येक साधनाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि मग सगळी भिस्त राउटरच्या फायरवॉलवर येते. ती चालू आहे ना, हे राउटरच्या पानावर एकदा डोळ्यांनी बघा. तिथेच यूपीएनपीचा खटका असतो, आणि बहुतेक राउटरमध्ये कोणत्या साधनाने कोणतं पोर्ट मागून घेतलंय त्याची यादीही दिसते. खटका बंद केल्याने टीव्हीला डबा सापडायचा थांबत नाही. हाक मारणं आणि राउटरला दार उघडायला सांगणं ही वेगवेगळी कामं आहेत, राउटरवरचा खटका फक्त दुसऱ्याचा. काही गेम कन्सोल कुरकुर करतील, तेवढंच. बाहेरून घरच्या फाइली बघायच्याच असतील तर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, लावावा. मग रस्त्यावर एकच दार राहतं, आणि त्याला किल्ली असते.

खरं काम मात्र त्याच्या आधीचं आहे, आणि त्याला तंत्रज्ञान लागतच नाही. अशा डिस्कवर दोन जातींचा माल एकत्र पडलेला असतो. सिनेमे, मालिका, गाणी हा पुन्हा मिळणारा माल. तो गेला तर हळहळ, फार तर थोडे पैसे. दुसरा पुन्हा न मिळणारा: घरचे फोटो, मुंजीचा व्हिडिओ, आजोबांच्या आवाजातली कॅसेटवरून उतरवलेली अथर्वशीर्षाची आवर्तनं. २ टीबी भरलेली बघून बॅकअपचा धसका बसतो आणि माणूस काहीच करत नाही. पण निवडून काढलं तर? साध्या कॅमेऱ्याचा एक फोटो ३ एमबीच्या आसपास. २० हजार फोटो म्हणजे सुमारे ६० जीबी, एका पेनड्राइव्हचा माल. मिनीडीव्ही कॅसेट उतरवल्या तर तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे २० कॅसेट २६० जीबी. हे दोन्ही मिळूनही हातात मावणाऱ्या साध्या यूएसबी डिस्कवर आरामात बसतं.

ही डिस्क जोडायची, प्रत काढायची, वायर काढून कपाटात ठेवायची. जिला वायर नाही तिला हुकूम देता येत नाही. माय बुक लाइव्हच्या रिसेटपासून वाचायला एवढं पुरेसं होतं. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नियम आणखी एक पाऊल पुढे जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत बहिणीच्या घरी ठेवली तरी चालते, आणि दिवाळीला भेटताना बदलता येते. पैसे देऊन क्लाउडवर ठेवायची तर तीही याच साखळीतली एक कडी समजा, अख्खी साखळी नव्हे.

सिनेमे आणि गाण्यांसाठी जेलीफिनसारखं मोफत सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर उत्तम चालतं. त्याला फोल्डरवर फक्त वाचण्याचा अधिकार द्यायचा, लिहिण्या-पुसण्याचा नाही. मग ते सॉफ्टवेअर कुणाच्या ताब्यात गेलं तरी तुमच्या मूळ फाइली त्याला पुसता येत नाहीत. तयार डबा घ्यायचाच असेल तर किंमत आणि टीबी याच्या जोडीला तिसरा आकडा विचारा: सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत. विक्रेता गोंधळतो, पण कंपनीच्या पानावर ते बहुधा सापडतं. ते साल डब्यावरच्या स्टिकरवर लिहून ठेवायचं. ते उलटलं की इंटरनेट तोडायचं, डबा घरातल्या घरात वापरायचा, किंवा आतलं सॉफ्टवेअर बदलायचं.

तो शेवटचा पर्याय या प्रकरणातल्या डब्यालाही आहे. राउटरसाठी स्वयंसेवकांनी विकसित केलेली ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली माय बुक लाइव्ह आणि ड्युओ या दोन्हींवर चालते. ती बसवायला लिनक्सची थोडी सवय आणि एक मोकळी संध्याकाळ लागते, डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे हलवावं लागतं आणि ॲपची ऐट मिळत नाही. पण ज्या वस्तूला कंपनीचं शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं, तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या अजूनही तयार होतात, आणि टीव्हीला सिनेमे दाखवण्याचं काम ती पूर्वीसारखंच करते.